दगडांच्या बेटांवरून

स्प्लिट, क्रोएशिया
शनिवार, १४ सप्टेंबर

ती. दादा,

वडील भावाला पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची, हे मी मुखेडच्या शाळेत पोरांना तीस वर्षं शिकवलं आणि आज माझाच हात अडला. नमस्कार केला आहे असं धरून घे. अक्षर ओळखलं असशील. नसशील तर सांगते, मी सिंधु. तुझी धाकटी बहीण. एकतीस वर्षांनी लिहिते आहे. फोनही करता आला असता, माझ्या तनुजाकडं तुमच्या घरचा नंबर आहे. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास तर मला ते सोसलं नसतं. पत्राचं बरं असतं. फाडलंस तरी मला दिसणार नाही.

मी कुठं आहे सांगू? भूमध्य सागरात! म्हणजे नेमकं सांगायचं तर त्याचा जो हात वर उत्तरेकडं घुसलेला आहे, त्यात. नकाशावर छडी ठेवून जन्मभर सांगितलं, ‘उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, फळं लिंबूवर्गीय.’ खरं तर मला गोदावरीपलीकडचं पाणी ठाऊक नव्हतं. आज डेकवर उभं राहून पाणी पाहिलं आणि पोरांची माफी मागावीशी वाटली. नकाशावर निळा रंग एकच असतो. इथं निदान सात आहेत.

माझी साठी झाली म्हणून तनुजानं ही सहल दिली. ती जर्मनीत नोकरीला आहे, हे तुला तुझ्या भागवतकडून कळलंच असेल. ती दोघं मामे-आते भावंडं आपल्या चोरून बोलत असतात आणि आपण दोघं माहीत नसल्यासारखं करतो. छोटं जहाज आहे, अठरा खोल्यांचं. बेटाबेटांवरून आठ दिवसांत खाली डुब्रोव्हनिकला जाणार. थाट विचारू नकोस. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता, तो मोडायला जीव होईना, म्हणून मी साडीच्या पदरानं तोंड पुसलं. तनुजा हसून हसून लोळली. जेवायला पाच वेळा ताटल्या बदलतात आणि पाचही वेळा मीठ कमी. मी शेंगदाण्याची चटणी आणली आहे. कप्तानानं एक चमचा खाल्ली आणि अर्धा तांब्या पाणी प्याला. तरी पुन्हा मागितली.

पण लिहायचं आहे ते दगडाचं. या गावात एका रोमन बादशहाचा वाडा आहे, सतराशे वर्षांचा. आणि दादा, त्यात माणसं राहतात! बादशहाच्या भिंतीला दोरी बांधून एक बाई पोरांच्या चड्ड्या वाळत घालत होती. आमची गाइड, यास्ना नावाची गोड मुलगी, काय काय सांगत होती. माझं लक्ष सांध्यांकडं. चिऱ्यावर चिरा असा बसवलेला की नख आत जाईना. मी तिथंच उभी राहिले. मनात आलं, हे दादानं बघायला हवं होतं. तुझ्या हातची भिंत अशीच असायची.

हे लिहायला एकतीस वर्षं लागली, म्हणून परत लिहिते. तुझ्या हातची भिंत अशीच असायची.

निघायच्या आधी तनुजा सहज बोलून गेली की भागवत आपल्या मुरुडला नवं घर बांधतोय, आणि तू जोत्याजवळ गेलास तर म्हणाला, ‘बाबा, तुम्ही या घराला हात लावू नका.’ तू तसाच परत फिरलास म्हणे. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. का, ते पुढं लिहीन. जमलं तर. टपालात टाकीन की नाही, तेही अजून ठरलेलं नाही.

तुझी,
सिंधु


ब्राच बेट
रविवार, १५ सप्टेंबर

ती. दादा,

आज मी दगडकामाची शाळा पाहिली, रविवार असून पाहुण्यांसाठी उघडी ठेवली होती. शाळा! पाटीवर लिहितात तशी पोरं-पोरी दगडावर लिहितात. अख्खं गाव पांढऱ्या दगडाचं, कौलं सोडली तर सगळं पांढरं. इथला दगड जहाजानं देशोदेशी जातो. यंत्रं आहेत, पण पहिलं वर्षभर पोरांच्या हातात फक्त छिन्नी आणि हातोडा. एक मुलगी, असेल सतरा-अठराची, दगडातून द्राक्षाचा घड काढत होती. मान वर करेना. तुझी मान अशीच असायची, आई जेवायला हाका मारून थकायची.

मला राहवलं नाही. कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर मी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. तू शिकवलं होतंस ना, चांगला दगड खणखणतो आणि चिरलेला बोदा वाजतो. तिथले वयस्कर मास्तर बघत होते. त्यांनी यास्नाकरवी विचारलं, ‘यांच्या घरात दगडातलं कोण आहे?’

मी म्हणाले, ‘माझा भाऊ.’

दादा, हे दोन शब्द मी एकतीस वर्षांत कुणापुढं उच्चारले नव्हते. आणि मग थांबवेनाच. सांगत सुटले की लातूर जिल्ह्यात काळा दगड असतो, यांच्या दगडाहून दुप्पट कठीण. माझा भाऊ त्याला नुसत्या नजरेनं जोखायचा. लग्नानंतर आम्ही औसा तालुक्यातल्या सासरच्या गावी वेगळे निघालो तेव्हा आमचं घर त्यानंच बांधलं. दर तीन फुटाला एक लांब दगड भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार घातला. गाव हसलं, म्हणालं, बहिणीच्या घराला किती दगड खातोय हा! मास्तर मात्र हसले नाहीत. हाताच्या दोन्ही पंजांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली आणि मान डोलावली. भाषा येत नसली तरी कळलं. तुझं काम त्यांना पटलं होतं.

मग विचारलं, ‘आता काय बांधतो?’

‘काही नाही बांधत.’

‘का?’

मी म्हणाले, ‘भूकंप झाला.’

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. मास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि मला इतकी लाज वाटली की जहाजावर येऊन मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

सिंधु


ह्वार बेट
मंगळवार, १७ सप्टेंबर

ती. दादा,

आज मराठवाडा मुक्तीचा दिवस. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा झेंडावंदन चुकलं. आणि अनंत चतुर्दशीसुद्धा आहे. नांदेडला आत्ता ढोल वाजत असतील. तुला आणि मला विसर्जनाचा ढोल कसा ऐकू येतो, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

सकाळी एका मैदानात नेलं. चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीकांनी इथं शेतं आखली, बांध घातले. नुसते दगड रचून, मातीचा लपका नाही की चुन्याचं बोट नाही. तेच बांध आजही आहेत, त्याच शेतात आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह. एक शेतकरी पडलेला बांध रचत होता. घाई नाही. एक दगड उचलायचा, फिरवायचा, पसंत नाही पडला तर ठेवून द्यायचा. मी तासभर त्याच्याकडं बघत उभी. बाकीचे द्राक्षाचा रस चाखायला गेले होते. एवढी सुंदर गोष्ट मी आयुष्यात फार पाहिली नाही, दादा. दोन हजार वर्षं लोक त्याच भिंतीची निगा राखतात आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटत नाही.

आजचा मुक्काम जहाजावर नाही. एका जुन्या दगडी घराचं झकपक हॉटेल केलंय, तिथं. तनुजाला वाटलं, आईला दगडाचं एवढं वेड, खूश होईल. मी खोलीच्या दारात गेले आणि पाय आत पडेना. तुला ठाऊक नाही, पण त्र्याण्णव सालापासून कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी वर बघते. मग विचारते, वर काय आहे? नांदेडच्या माझ्या घरमालकांनाही विचारलं होतं. इथंही विचारलं. तनुजा ओशाळली, ‘आई, पंचतारांकित हॉटेल आहे गं!’ पण मालक म्हातारे गृहस्थ, त्यांना राग नाही आला. यास्नाला बरोबर घेऊन मला जिन्यानं थेट वर घेऊन गेले. लाकडी वासे, फळ्या, त्यावर कौलं. बस्. म्हणाले, दर वर्षी पावसाच्या आधी मी स्वतः वर चढतो. फुटकं कौल काढून खाली आणतो, मग नवं ठेवतो. आमच्या वडिलांची शिस्त होती, जुनं उतरवल्याशिवाय नवं चढवायचं नाही. भिंतीला काही होत नसतं, वरचं वजन वाढू द्यायचं नाही.

यास्नानं हे इंग्रजीतून सांगितलं आणि मी खाली येऊन थेट कागद घेतला. 

आता लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

घर बांधून झालं तेव्हा तू मला वर माळवदावर नेलंस. आठवतं? तू म्हणालास, ‘सिंदे, वर वीतभर माती बास. दर साली पावसाच्या आधी जुनी खरवडून काढायची, मंग नवी पांढरी माती टाकायची. जुनीवर नवी टाकू नको. भिंत माझी हाय, ती उभी ऱ्हाईल. वरचं वजन तुझ्या हातात हाय.’ मी ‘हाव, दादा’ म्हणाले.

पहिल्या उन्हाळ्यात खरवडून काढली. दुसऱ्या उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षा होत्या. खरवडायला दोन दिवस जातात, नवी टाकायला अर्धा. गड्यांना म्हणाले, टाका वरूनच, गळायचं थांबलं म्हणजे झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात तनुजा पोटात होती. वरूनच टाकली. मग चौथ्या, पाचव्या. गावात सगळे तसंच करायचे, असं मी मनाला सांगत आले. पण सगळ्यांना तुझ्यासारखा भाऊ बजावून गेला नव्हता. एकदा तनुजाच्या बाबांनी मला विचारलं, ‘मातीचं दादा काय म्हणले होते गं?’ मी म्हणाले, ‘काही नाही म्हणाले.’

काही नाही म्हणाले. दादा, हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी विश्वास ठेवला.

गणपतीला मी तनुजाला घेऊन मुरुडला तुझ्याकडं आले होते. हे घरी एकटे होते. विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला, आणि सकाळी तू आणि मी ट्रॅक्टरवरून आमच्या गावी गेलो. गावात भिंत म्हणून उरली नव्हती, आणि आमच्या घराच्या तीन भिंती उभ्या होत्या. मी पाहिल्या. तुझ्या भिंती उभ्या होत्या आणि वरचं सगळं खाली आलं होतं.

आणि मी काय केलं? पत्र्याच्या शेडमध्ये पाहुणे भेटायला यायचे, त्यांना सांगितलं, ‘दादाच्या भिंतीनं माझा माणूस खाल्ला.’ पहिल्यांदा बोलले तेव्हा शुद्धीत नव्हते. दुसऱ्यांदा होते. मग ते इतक्यांदा बोलले की मलाच खरं वाटायला लागलं. नंतर सगळा जिल्हा नव्यानं बांधायला निघाला, परमुलखातून गवंडी आणले, आणि मुरुडच्या दगडोबाला कुणी बोलावलं नाही. तू थापी ठेवून दिलीस ती माझ्या जिभेमुळं. भागवत तेव्हा सात वर्षांचा होता. तो हेच ऐकत मोठा झाला. ‘हात लावू नका’ हे शब्द त्याचे नाहीत, दादा. माझे आहेत.

भागवतला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला धीर नाही. एवढं लिहिलं तेच पुष्कळ झालं.

सिंधु


डुब्रोव्हनिक
शुक्रवार, २० सप्टेंबर

ती. दादा,

मधे कोर्चुला नावाचं गाव झालं. गल्ल्या अशा तिरक्या काढल्यात की उन्हाळ्याची झुळूक आत येते आणि हिवाळ्याचा बोचरा वारा बाहेरच अडतो. तू पाहतास तर तिथंच मुक्काम ठोकला असतास. पण माझं लक्ष उडालं होतं.

आज सकाळी आम्ही डुब्रोव्हनिकच्या तटावर चढलो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडं लाल कौलांचा नुसता सडा. डोळ्यांचं पारणं फिटलं. यास्ना म्हणाली, साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं मोठा भूकंप झाला आणि बहुतेक शहर पडलं. लोकांनी पुन्हा इथंच बांधलं. मी विचारलं, ‘भीती नाही वाटली त्यांना?’ ती म्हणाली, ‘वाटली असेल. पण बांधता येणारी माणसं शिल्लक होती ना.’

तेवढ्यावर माझा बांध फुटला. तटावरच एका कट्ट्यावर बसून मी तनुजाला सगळं सांगितलं. माळवदाचं, मातीचं, ‘काही नाही म्हणाले’ हेसुद्धा. तिचे वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला मिठी मारावी असं वाटलं, पण माझा हात पुढं झाला नाही.  ती उठून एकटीच चालत तटाला पूर्ण फेरी मारून आली. दोन किलोमीटरचा फेरा आहे. आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, ‘माझ्याशी दोन दिवस बोलू नकोस, आई.’ बरं म्हणाले. मग जिन्यापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, ‘मामाला सांगितलंस का?’

मी पिशवीतून ही पत्रं काढून दाखवली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, पोस्ट विचारत विचारत गेली आणि स्वतः तिकिटं लावली. हे शेवटचं तिथल्या टेबलावर लिहिते आहे. ती शेजारी उभी आहे, बोलत नाही, पण पिशवी तिनंच धरली आहे.

या किनाऱ्यावर मी जे जे पाहिलं, ते सगळं तुझ्या ओळखीचं होतं. एवढंच तुला सांगायचं होतं. क्षमा मागत नाही. ती मागण्याची वेळ एकतीस वर्षांपूर्वी होती.

सिंधु


मुरुड, जि. लातूर
शनिवार, १९ ऑक्टोबर

सिंदे,

मी दगडोबा. लिहून ऱ्हायला भागवत, सांगून राहिलो मी. मला मोतीबिंदू झालाय, अक्षर दिसंना. तुझी चारी पत्रं एकाच दिवशी आली. भागवतनंच वाचून दाखवली. त्याला सांगायचं का न्हाई ते मी ठरव म्हणून तू लिवलंस. आता काय ठरवू? त्यो वाचूनच राहिला व्हता. मधी एका जागी थांबला. मी म्हणलं, वाच.

दाजीला म्या काढलं. तुला बायांनी लांब बसवलं व्हतं, तू पाहिलं न्हाई. टिकाव लावायला भ्या वाटलं म्हणून हातानं माती उकरली. त्या मातीत थर दिसत व्हते, पांढरे, एकावर एक. म्या मोजले. मला तवाच कळलं. कुणाला बोललो न्हाई.

राग न्हाई असं लिव म्हणला भागवत. तसं लिवू नको म्हणलं. राग हाय. लई हाय. थर पाहिले त्याचा न्हाई, ते गावात समद्यांच्याच माळवदावर व्हते. तू शेडात बोललीस आन् माझ्याकडं बघितलं बी न्हाईस, त्याचा हाय. त्यो एका पत्रानं जाणार न्हाई. वरीस दोन वरीस लागतील. तवर येत जात ऱ्हा, म्हंजे त्यो उतरंल.

त्या मास्तरनं बोटं गुतवून दाखवली, ते भागवतला दोनदा वाचाया लावलं.

दगडोबा

आत्या, हे पुढचं बाबा सांगत नाहीत, मी लिहितोय. ते ओट्यावर जाऊन बसलेत.

मी त्यांना विचारलं, बाबा, तुम्हाला ठाऊक होतं, मग माझ्याशी तरी बोलायचं. निदान जोत्यावर मी तसं बोललो तेव्हा. तर म्हणाले, ‘तिच्या कडंवर दोन सालाची पोर व्हती. मातीचं खरं तवा तिला सांगितलं असतं तर तिनं हिरीत उडी टाकली असती. माझ्यावर राग धरला, त्या रागावर ती जगली. नोकरी केली, पोर शिकवली. जगू दे म्हणलं.’ मग म्हणाले, ‘तुला सांगितलं असतं तर तू आत्याला बोलल्याबिगर सोडलं नसतंस.’

मी अडतीस वर्षांचा माणूस, आत्या. जोत्यावर बोललेले शब्द परत कसे घ्यायचे, मला माहीत नाही. पत्रं वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला थांबवलं आणि बाबांना हाताला धरून बांधकामावर घेऊन गेलो. एवढंच जमलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि गवंड्याला म्हणाले, ‘ह्यो काढ. बोदा हाय.’ त्यानं काढला. खरंच चिरलेला होता.

दिवाळीच्या पाडव्याला चौकट बसवायची आहे. बाबा बसवणार. दिसत नाही तर चाचपून बसवतो म्हणतात. पण आपल्यात चौकटीला पहिलं कुंकू घरच्या लेकीनं लावायचं असतं, आणि ते तुम्हीच लावायचं अशी त्यांची अट आहे. आई हळूच म्हणाली, विधवेच्या हातानं कसं, लोक काय म्हणतील? बाबा म्हणाले, ‘लोकांचंच ऐकून एकतीस सालं गेली. सिंदी आली तर चौकट बसंल, न्हाईतर दार उघडंच ऱ्हाईल.’

तुम्ही या. मी त्या दिवशी सकाळपासून मुरुडच्या बसस्टँडवर थांबतो.

भागवत